उशीपासून माशापर्यंत

मनुष्यप्राण्याला अन्न, वस्त्र आणि निवारा लागतो, हे शाळेत शिकवलं जातं. पण निवारा किती रुपयांत, नाश्ता धरून की नाश्ता सोडून, आणि ऐनवेळी बेत फिसकटला तर पैसे किती दिवसांत परत, हे कुठल्याच इयत्तेत शिकवत नाहीत. त्यामुळे शिकली-सवरलेली माणसंही वाटेल तिथे जाऊन राहतात आणि वर तिथे सुखाने झोपतातसुद्धा. परिस्थिती चिंताजनक आहे.

ही चिंता वाहणारा निदान एक माणूस रोह्याजवळ वरसे येथे राहत होता, ही समाधानाची बाब. कमळाकर मोकल हे रोह्याच्या एका रसायन कंपनीत बावीस वर्षं खरेदी विभाग सांभाळत होते, आणि या बावीस वर्षांत तीन कोटेशनं आल्याशिवाय त्यांनी टाचणीदेखील घेतली नव्हती. (टाचण्यांचं तिसरं कोटेशन आठ महिने आलं नाही. त्या काळात कंपनीतले कागद भाताच्या शिताने चिकटवले जात, आणि एक महत्त्वाचा करार मुंग्यांनी रद्द केला.) कंपनीच्या फाटकावरची घंटा बिघडली तेव्हा नवी घंटा निवडायला त्यांना चौदा महिने लागले. तोवर येणारे-जाणारे हाका मारू लागले, हाक मारल्यावरही फाटक उघडतं असं निदर्शनास आलं, आणि घंटेचा खर्च कायमचा वाचला. वार्षिक सभेत कमळाकरांना शाल आणि श्रीफळ मिळालं. श्रीफळाची तीन कोटेशनं त्यांनीच मागवली होती.

त्यांच्या पत्नी संध्याबाई पोह्याचे पापड करत आणि पेणच्या दोन दुकानांत देत. त्यांचं माहेर पेणजवळच्या जिते गावचं, खाडीकाठचं. वडील मिठागरावर कामाला होते, त्यामुळे लहानपण सगळं खारट पाण्यात आणि चिखलात गेलेलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि या सव्वीस वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. मागितलं तर किती वेळ लागतो, हे त्यांना घंटेच्या आधीपासून ठाऊक होतं.

पण एका रविवारी दुपारी त्यांचा भाऊ नितेश पेणहून जिताडा घेऊन आला. संध्याबाई तो साफ करायला बसल्या आणि मध्येच हात थांबवून त्या माशाच्या डोळ्याकडे बघत राहिल्या.

“अवो, मी काय म्हनते,” त्या म्हणाल्या. “जल्मभर मी मासं धरलं, साफ केलं, तललं, खाल्लं. पन जित्ता मासा पान्यात कसा ऱ्हातो, ते कदी बगलाच नाय.”

“तू तर खाडीवर वाढलीस गो,” कमळाकर म्हणाले.

“खाडीत काय दिसतं? सोताचा ढोपर दिसत नाय. आमी मासं डोल्यानं नाय, बोटानं धरायचो. ते मोबाइलवर दावतात ना, बेटावर जातात, तोंडाला काच लावून पान्यात बगतात? मना तसा बगाचाय. एकदाच. मासा आपले घरान दिवसभर काय करतो, तेवडा बगून येऊ.”

सामान्य नवरा अशा वेळी ‘बघू’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. कमळाकर सामान्य नव्हते. त्यांना बायकोचा चेहरा दिसला आणि त्यात सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी हवंसं दिसलं. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, “प्रक्रिया सुरू करतो.”

विषय एकोणीस महिने संपला नाही.

दुसऱ्याच दिवशी ‘द्वीपनिवास निवड समिती’ स्थापन झाली. तिची रचना आदर्श होती. अध्यक्ष कमळाकर. सचिवही कमळाकर, कारण अध्यक्षांच्या सहीखाली सचिवांची सही लागते आणि दोघांचं पटलं पाहिजे. सदस्य नितेश, हा पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायचा, म्हणून ‘दृष्टी’ या विषयातला जाणकार. दुसरे सदस्य खालच्या मजल्यावरचे हैबतराव, एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. बेटाचा प्रत्यक्ष अनुभव फक्त त्यांना होता : घारापुरी, दोन वेळा, पैकी एकदा परतीची बोट चुकली, सबब मुक्काम चार तास. संध्याबाईंना ‘लाभार्थी’ म्हणून घेण्यात आलं. लाभार्थीला मताधिकार नसतो. चहा करण्याचा असतो.

पहिल्या चार सभा शब्द ठरवण्यात गेल्या. पाण्यात तोंड घालून, नळीने श्वास घेत मासे बघण्याला इतिवृत्तात काय म्हणायचं? कमळाकरांनी ‘नळीश्वसनयुक्त मत्स्यावलोकन’ असं सुचवलं.

“भावजी, नलीनं मासं बगनं म्हना की,” नितेश म्हणाला.

त्यावर मतदान झालं. दोन विरुद्ध एक मतांनी मत्स्यावलोकन मंजूर झालं. अध्यक्षांनी एक मत आणि सचिवांनी एक मत दिलं होतं. हैबतराव तटस्थ राहिले, कारण ते झोपले होते.

मग निकष ठरले. जागा परवडणारी हवी, म्हणजे नेमकी किती, हे कमळाकरांनी बाराशे रुपये रोज, दोन माणसं, नाश्त्यासह असं एका वाक्यात बसवलं आणि नाश्त्याची व्याख्या सव्वा पानांत. मासे चांगले दिसायला हवेत, पण ‘चांगले’ हा शब्द खरेदीत चालत नाही. म्हणून माणशी किमान चाळीस मासे असं ठरलं, सर्व रंगीत. काळे असल्यास दोनाचा एक धरावा. सगळ्यात अवघड गेलं ते अंतर. मासे जागेपासून जवळ हवेत याविषयी एकमत होतं, परंतु जागेच्या कुठल्या भागापासून? फाटकापासून मोजलं तर मालक फाटक पुढे सरकवेल. अखेर उशी प्रमाण मानण्यात आली. उशीपासून पहिल्या माशापर्यंत कमाल तीनशे मीटर.

“पन पयला मासा एके जागी थांबंल का?” नितेशने विचारलं.

“तेच तर,” हैबतराव जागे होऊन म्हणाले. “एसटीचं बरं असतं. गाडी आली नाही तरी थांबा जागेवर असतो.”

यानंतरचे सात महिने अभ्यासाचे होते. अंदमानच्या बेटांवरच्या चौसष्ट निवासांची यादी झाली आणि तिथे राहून आलेल्या लोकांचे तीन हजार एकशे अठरा अभिप्राय कमळाकरांनी जेवणाच्या सुट्टीत वाचून काढले. एवढा अभ्यास कुणी आपल्या धर्मग्रंथाचाही करत नाही. त्यातून पुढील निष्कर्ष हाती आले. रात्री समुद्राचा आवाज येतो अशी तक्रार : २१२. समुद्राचा आवाज येत नाही अशी तक्रार : १९७. कोंबडा आरवतो : ८८. मासे जवळ आले, भीती वाटली : ९. मासे लांब गेले, अपमान वाटला : ३१. पाणी खारट आहे : ४, पैकी तिघे एकाच घरातले. एका गृहस्थांनी पाच तारे देऊन ‘अजून गेलो नाही’ असं लिहिलं होतं. कमळाकरांना हा अभिप्राय सर्वांत विश्वासार्ह वाटला, कारण त्याच्यामागे कोणताही पूर्वग्रह नव्हता.

इतक्यात सरकारने पोर्ट ब्लेअरचं नाव बदललं. बेटांची नावं आधीच बदललेली होती, पण अभिप्राय लिहिणारे जुनीच वापरत. तक्ता नव्याने करावा लागला. त्याला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत पहिल्या यादीतल्या पाच जागा बंद पडल्या, तीन नव्या निघाल्या आणि एकीच्या मालकाने लग्न केलं. (जागेच्या दर्जावर याचा काय परिणाम होईल, यावर विशेष सभा झाली.)

संध्याबाईंनी या काळात तोंडाला लावायची काच आणि नळी विकत घेतली. कोटेशन न मागवता, पेणच्या बाजारात, उभ्या-उभ्या. ती त्यांनी पापडाच्या डब्यामागे ठेवली होती. कमळाकर कामावर गेले की त्या न्हाणीघरातल्या पिंपात तोंड घालून सराव करत. पिंपाच्या तळाशी त्यांनी ओळखीचं म्हणून एक लिंबू टाकलं होतं.

चौदाव्या महिन्यात तेवीस निवासांना एकेचाळीस अटींचं पत्र मोबाइलवरून गेलं. उत्तरं सहा आली. एकाने नुसता अंगठा पाठवला. एकाने गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. एकाने विचारलं, “साहब, आप किस डिपार्टमेंट से हैं?” आणि उत्तर जाण्यापूर्वीच तपासणीच्या धास्तीने तीन दिवस जागा बंद ठेवली. दोघांनी अटी न वाचताच सगळ्या मान्य केल्या. त्यांना अर्थातच बाद करण्यात आलं. सहावं उत्तर यादीतल्या सतराव्या क्रमांकाचं. एका बाईच्या मालकीच्या बांबूच्या तीन झोपड्या. तिने सात सेकंदांचा आवाज पाठवला होता :

“दादा, कागज-वागज कुछ नहीं है. आना है तो आओ. भात-मच्छी मिलेगा.”

समितीने तो तीनदा ऐकला आणि कलम तीन, आठ, नऊ ते सत्तावीस आणि चाळीस यांखाली नामंजूर केला. चहाचा ट्रे घेऊन आलेल्या संध्याबाई दाराशीच थांबल्या.

“ही बाई बरी वाटते,” त्या म्हणाल्या.

इतिवृत्तात नोंद झाली : ‘लाभार्थीने चहा दिला.’

सतराव्या महिन्यापर्यंत तक्त्यात सदतीस रकाने झाले आणि सर्वांत वरच्या जागेला शंभरपैकी एकाहत्तर गुण पडले. कमळाकर समाधानी नव्हते. पंच्याहत्तरच्या खाली आपण कंपनीत झाडूसुद्धा घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. गणपतीचा हंगाम तोंडावर आलेला, नितेशच्या कारखान्यात चारशे मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या, आणि तो दर रविवारी गाडी पकडून रोह्याला येऊन मत्स्यावलोकनावर बसत होता. तो कावला.

“भावजी, माज्याकडं एक जागा हाय,” तो म्हणाला. “भरतीला चारी बाजूनं पानी. भाडं नाय. कोंबडा नाय. नाश्ता आमची घरची करून देईल.”

“माशापर्यंत अंतर?”

“चार मीटर. उदानाच्या भरतीला मासा सोता उशीपर्यंत येतो.”

कमळाकरांनी पेन उघडलं. एकेक रकाना भरत गेले. दर : शून्य. रद्द केल्यास परतावा : संपूर्ण. समुद्राचा आवाज : मध्यम. मासे : माणशी चाळीसहून कितीतरी अधिक. बेरीज केली आणि ती पुन्हा एकदा करून पाहिली. शंभरपैकी शहाण्णव. खरेदीच्या बावीस वर्षांत त्यांनी असा आकडा पाहिला नव्हता.

“कुठे आहे हे बेट?”

नितेशने खाली बघत सांगितलं. जित्याच्या खाडीतला बंद पडलेल्या मिठागराचा बांध, आणि त्यावरची राखणदाराची जुनी झोपडी. मिठागर तेच, जिथे त्याचे आणि संध्याबाईंचे वडील मीठ ओढायचे.

“भावजी, मी मस्करी केली,” तो घाईने पुढे म्हणाला.

“मस्करीला रकाना नाही,” कमळाकर म्हणाले.

येथे प्रामाणिकपणे नमूद केलं पाहिजे की तक्त्यात सदतीस रकाने होते आणि मासा डोळ्यांना दिसतो की नाही, हा त्यांत नव्हता. समितीचा यात दोष नाही. ती गोष्ट इतकी उघड होती की ती विचारायची राहून गेली. मोठमोठ्या योजना याच पद्धतीने पार पडतात.

निर्णय लेखी स्वरूपात संध्याबाईंना देण्यात आला. त्यांनी तो पापडाच्या पिठाच्या हाताने धरून वाचला.

“म्हंजे मी तोंडाला काच लावून माज्याच माहेरच्या चिखलात जायचा?”

“तक्त्यानुसार, होय,” कमळाकर म्हणाले. “शहाण्णव पडलेत संध्या.”

संध्याबाईंनी कागदाची घडी घालून ती पापडाच्या डब्याखाली ठेवली. मग म्हणाल्या, “चला. तुमचा पन एकदा बगून होऊ दे.”

गणपती झाले, पाऊस सरला आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी समिती लाभार्थीसह रोह्याहून पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत बसली. कमळाकरांजवळ तीन कोटेशनं मागवून घेतलेली काच, नळी, पायात घालायचे बदकासारखे रबरी पंजे, पन्नास मीटरचा टेप आणि घरची उशी होती. हैबतरावांनी शिट्टी आणली होती. जिते स्टेशनवर नितेश तोंड लपवत उभा होता.

अकराच्या सुमारास भरती भरली. मिठागराचा बांध खरोखर बेट झाला. कमळाकरांनी झोपडीत उशी ठेवून टेप धरला. तीन मीटर ऐंशी. मग काच लावली, पंजे चढवले आणि हैबतरावांनी शिट्टी मारताच ते कमरेइतक्या पाण्यात उतरून वाकले.

आत चहा होता. दूध घातलेला, साखर जास्त. कमळाकरांनी डोळे फाडून पाहिलं, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, सगळीकडे तोच चहा. वर येऊन ते म्हणाले, “अवलोकन सुरू आहे,” आणि पुन्हा वाकले. असं नऊ वेळा झालं. दहाव्या वेळी त्यांच्या पंजाला कुणीतरी धरलं. चिंबोरी होती. खाडीतल्या खेकड्याला समितीच्या रचनेची कल्पना नसते. कमळाकर किंचाळले, नळीतून पाणी प्यायले, मागे रेलले, आणि दोन्ही पाय रबरी पंजांसकट मांडीपर्यंत चिखलात रुतले.

रबरी पंजा चिखलात गेला की तो वर येत नाही. त्याची रचनाच पाणी मागे ढकलण्यासाठी असते आणि चिखल मागे जात नाही. नितेशने ओढलं, हैबतरावांनी शिट्टी वाजवली. कशाचाही उपयोग झाला नाही. त्यात ओहोटी लागली. पाणी ओसरत गेलं आणि तासाभरात अध्यक्ष तोंडाला काच लावून, मांडीभर गाळात, उघड्यावर उभे होते. बांधावरून टोपली घेऊन चाललेली एक म्हातारी थबकली.

“गो संध्ये, तुजा घोव चिकलात काय शोदतोय?”

“मासा बगतोय,” बांधावर बसलेल्या संध्याबाई म्हणाल्या.

“काचेतून?”

“व्हय. तक्त्यात बसतंय.”

म्हातारीने कमळाकरांना नीट न्याहाळलं, मान डोलावली आणि शिकलेल्या माणसाला वाट द्यावी तशी दोन पावलं बाजूने निघून गेली.

मग संध्याबाईंनी लुगड्याचा काचा मारला आणि त्या चिखलात उतरल्या. कुठे पाय टाकायचा हे त्यांच्या पायांना अजून ठाऊक होतं. नवऱ्याजवळ जाऊन त्यांनी खाली हात घातला आणि डोळे मिटून चाचपू लागल्या.

कमळाकरांनी काच काढली. डोळ्यांभोवती लाल वर्तुळ उठलं होतं. चिखलात माणसाची भाषा मूळपदावर येते, तशी त्यांचीही आली.

“मना भ्याव वाटतं गो,” ते हळूच म्हणाले.

“चिंबोरीचा?”

“नाय. तिकडं एवड्या लांब तुला नेली आन जागा वंगाल निघाली तर? माथेरानसारकी?”

लग्नानंतर ते दोघं माथेरानला गेले होते. खोली कमळाकरांनी स्वतः, दुसरीकडे कुठेही न विचारता, पहिली दिसली ती घेतली होती. छप्पर गळायचं. दोन दिवस दोघं खाटेवर छत्री उघडून बसली होती. त्या फजितीनंतर त्यांनी आयुष्यात एकही गोष्ट तक्त्याशिवाय निवडली नव्हती.

संध्याबाईंचा हात थांबला. “माथेरानला काय झाला?”

“छप्पर गलत होता.”

“मंग? त्या दोन दिसांत मी जेवडी हसले तेवडी पुना कदी नाय हसले. तुमी बी हसत व्हता. मी म्हनत व्हते बरा नवरा मिलला. आन घरी आल्या दिसापासून तुमी कोटेशना मागाय लागलात.”

खाडीवरून वारा आला, त्याला मिठाचा वास होता. कमळाकरांचा एक पाय सुटला, मग दुसरा. दुसऱ्या पायाबरोबर संध्याबाईंच्या हातात चिंबोरीही आली. ती त्यांनी नितेशकडे फेकली, हात धुतले आणि हैबतरावांकडे सांभाळायला दिलेला कमळाकरांचा फोन मागून घेतला. सतरावा क्रमांक, त्या भात-मच्छीवाल्या बाईचा, शोधायला त्यांना वेळ लागला नाही.

“हॅलो ताई, हम रोहा से बोलती. हम दो लोग हाय. उदर मच्छी दिकता क्या? आँक से?”

“दीदी, मच्छी तो रोज़ रहता है,” पलीकडून आवाज आला. “तुम कब आएगा, बोलो.”

“दिवाली के बाद आती.”

“आओ.”

मग बाईने दर सांगितला. संध्याबाई ‘बरं’ म्हणाल्या. कमळाकर चिखलातून दोन्ही हातांनी घास खाण्याची खूण करत होते, म्हणजे नाश्ता धरून का. संध्याबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली. संभाषण एक मिनिट बारा सेकंदांत संपलं. एकोणीस महिन्यांचं काम इतक्या कमी वेळात उरकल्याने समितीला मोठाच धक्का बसला. हैबतरावांनी नकळत शिट्टी वाजवली.

पापडाच्या पैशांतून तिकिटं निघाली आणि नोव्हेंबरात दोघं विमानाने, मग बोटीने त्या बेटावर पोचली. बांबूची झोपडी, दाराशी पपईचं झाड, एक कोंबडा. कमळाकरांनी पहिलं काम केलं ते टेप काढण्याचं. उशीपासून पाण्यापर्यंतच चारशे बारा मीटर भरलं. मासे त्याहून पुढे. ते टेप गुंडाळत किनाऱ्यावर पोचले तेव्हा संध्याबाई काच लावून, मालकीणबाईंचा हात धरून पाण्यात शिरल्या होत्या.

कमळाकर वाळूत बसले. उठले. परत बसले. पाण्यावर नळीचं टोक दिसत होतं तोवर ते टोक मोजत राहिले. ‘एक’, ‘एक’, ‘एक’. पन्नास मिनिटांनी संध्याबाई बाहेर आल्या. चेहऱ्यावर काचेचा वळ, डोळे ओले. समुद्राच्या पाण्याने की कसल्या, ते सांगता येत नव्हतं.

“किती?” कमळाकरांनी विचारलं.

“काय किती?”

“मासे.”

“मोजलं नाय.” त्या वाळूत टेकल्या. दम खाल्ला. “लय व्हतं. पन एक व्हता, वांगी रंगाचा, दगडाच्या फटीन ऱ्हातो. बायेर येतो, हिकडं बगतो, तिकडं बगतो, परत घरान जातो. मंग परत बायेर. दिवसभर त्याला काय काम नाय बगा. माज्याकडं बगला त्यानं. मी पन बगला. धरावा असा मनान पन आला नाय.” आणि त्या हसू लागल्या. छत्रीखाली हसत होत्या तशा, पोट धरून.

कमळाकरांनी टेप वाळूवर ठेवला. “मना पन दाव,” ते म्हणाले.

त्यांना पोहता येत नव्हतं. कमरेला रबरी कडं अडकवून, एका बाजूने बायको आणि दुसऱ्या बाजूने मालकीणबाई अशा बंदोबस्तात त्यांना नेण्यात आलं. आत त्यांनी काय पाहिलं याची नोंद उपलब्ध नाही. ते तासभर बाहेर आले नाहीत, आणि आल्यावर मालकीणबाईंना त्यांनी एकच प्रश्न विचारला, छप्पर गळतं का.

“पानी आएगा तो थोड़ा टपकता है, दादा,” बाई ओशाळून म्हणाल्या.

“बरं झालं,” कमळाकर म्हणाले. दोन दिवसांसाठी आलेली माणसं सहा दिवस राहिली.

वरशाला परतल्यावर मोकलांच्या घरी माणसांची रीघ लागली. बेटावर जाऊन आलेलं कुटुंब म्हणून लोक बघायला येत. संध्याबाई प्रत्येकाला बसवून, पापड तळून, तो मासा फटीतून कसा येतो ते हाताने करून दाखवत. लोक पापड खात, “हो का, छान,” म्हणत, आणि पुढचा तुकडा तोंडाशी असतानाच कमळाकरांकडे वळून विचारत, “पण पर डे किती पडलं? नाश्ता धरून?” कमळाकर हल्ली याला उत्तर देत नाहीत. ते उठून खिडकीशी जातात. मग लोक खालच्या मजल्यावर हैबतरावांकडे जातात. हैबतरावांनी जुना तक्ता पुढे चालू ठेवला आहे. आता त्यात बावन्न रकाने आहेत आणि रोहा-पेण पट्ट्यातल्या त्र्याऐंशी कुटुंबांनी त्याची प्रत नेली आहे. त्यांपैकी बेटावर गेलेली कुटुंबं : शून्य.

सुज्ञ वाचकांचं तसं नाही, असं मानायला हरकत नव्हती. परंतु मालकीणबाईंनी फोनवर सांगितलेला दर या हकिकतीत कुठेही दिलेला नाही, हे आपल्या केव्हाच ध्यानात आलं आहे, आणि शेवटी तरी तो असेल, या आशेनेच आपण इथवर आलात. तो मासा कोणत्या रंगाचा होता, हे मात्र आपल्याला परत वर जाऊन पाहावं लागेल.